न कुजणारा डिंक

माझ्या टेबलावर एक काचेची बरणी आहे. मूळची ती लोणच्याची. २०१९ च्या मे महिन्यात थोरल्या भावाच्या बागेतलं मोसंबीचं एक वाळलेलं झाड खणून काढताना मुळांच्या जाळीत जे सापडलं, ते तिच्यात ठेवलेलं आहे. सापडलं तेव्हा ते खडीसाखरेच्या चुऱ्यासारखं दिसत होतं, कोरडं आणि मळकट. दादाने मूठभर चुरा तांब्यातल्या पाण्यात टाकला. तासाभरात त्याचा भिजवलेल्या साबुदाण्यासारखा बुळबुळीत, पारदर्शक लगदा झाला. दादा त्याकडे बघत म्हणाला, "पुडक्यावर लिहिलं होतं, सहा महिन्यांत मातीत मिसळून जातं म्हणून. तीन वर्षं झाली. तू एवढं वाचतोस, मग सांग बरं, हे कुजलं का नाही?"

या लेखाची सुरुवात त्या प्रश्नापासून झाली. मी रसायनशास्त्रज्ञ नाही. आयुष्य आरेखकाच्या नोकरीत गेलं, जमिनीच्या इतिहासाचा नाद स्वतःच लावून घेतला, आणि जुनी नियतकालिकं चाळायला मिळावीत म्हणून कृषी महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ओळखी करून ठेवल्या. त्यामुळे दादाचं समाधान करायला मला तांब्यातल्या लगद्यापासून थेट अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यापर्यंत जावं लागलं.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना आणि औरंगाबाद जिल्ह्यांतल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. लोकांनी टँकरने पाणी आणून झाडं जगवायचा प्रयत्न केला, आणि टँकर परवडेनासे झाले तेव्हा कुऱ्हाड चालवली. आमचीही बाग त्यात गेली. २०१६ ला पाऊस बरा झाला, म्हणून दादाने पुन्हा लागवड केली. त्या वेळी एका विक्रेत्याने त्याच्या हातात 'जैविक जलधारक' कणांची पुडकी ठेवली. खड्ड्यात मूठभर टाका, पाणी धरून ठेवतं, मग आपोआप विरून जातं, असं त्याचं सांगणं. २०१८ ला पाऊस पुन्हा गेला. काही झाडं तगली, काही गेली. गेलेल्यांपैकी एक आम्ही खणलं. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही, प्रश्न तिच्यापेक्षा जुना आहे.

०००

पाणी धरून फुगणारा पदार्थ आपल्या स्वयंपाकघराला नवा नाही. बाळंतिणीच्या खिरीसाठी अळीव भिजवले की प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत आवरण तयार होतं. सब्जाचं तेच, इसबगोलाचं तेच. बाभळीचा डिंक पाण्यात ठेवला की फुगून विरघळत जातो. बीजाला हे आवरण निसर्गाने आपल्या खिरीसाठी दिलेलं नाही. रानात पडलेल्या दाण्याला मातीचे कण चिकटवायला आणि कोंब फुटेपर्यंत ओल धरून ठेवायला त्याचा उपयोग असतो. दख्खनमधल्या जुन्या वाड्यांच्या आणि गढ्यांच्या चुन्यात बेलफळाचा गर, उडदाचं पाणी घालत, तेही याच वर्गातले पदार्थ. साखरेच्या लांब साखळ्या, पाण्याला आणि कणांना धरून ठेवणाऱ्या.

अशा पदार्थांचा शास्त्रीय अभ्यास एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. १८६१ मध्ये थॉमस ग्रॅहमने सरसासारख्या पदार्थांना 'कोलॉइड' हे नाव दिलं. 'हायड्रोजेल' हा शब्द १८९४ मध्ये डच रसायनज्ञ व्हान बेमेलेन याच्या एका निबंधाच्या शीर्षकात दिसतो, आणि तो निबंध तांब्याच्या संयुगाबद्दल आहे, शेतीबद्दल नाही.

शेतीकडे हा विषय वळला तो जमिनीच्या धुपीमुळे. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मधल्या मैदानी प्रदेशात धुळीची वादळं उठली, शेतंच्या शेतं उडून गेली आणि मातीचे कण एकमेकांना धरून राहतात ते कशामुळे, हा प्रश्न अचानक राष्ट्रीय महत्त्वाचा झाला. १९४० मध्ये जे. पी. मार्टिन आणि सेलमन वॅक्समन यांनी 'सॉइल सायन्स' या नियतकालिकात मातीतले सूक्ष्मजीव आणि कणांची जडणघडण यांचा संबंध मांडला. हेच वॅक्समन पुढे स्ट्रेप्टोमायसिनमुळे १९५२ च्या नोबेलचे मानकरी झाले. या अभ्यासाचा मथितार्थ असा: शेणखत, पालापाचोळा, मुळं कुजवताना जिवाणू आणि बुरशी जो चिकट स्राव सोडतात, तो मातीचे कण बांधतो. आपला शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे जमिनीत पाणीही आहे आणि हवाही, त्या स्थितीमागे हा डिंक आहे.

पण या डिंकाची एक अडचण होती. ज्या जिवाणूंनी तो बनवला, तेच किंवा त्यांचे शेजारी तो खाऊन टाकतात. तो टिकवायचा तर जमिनीला दरवर्षी नवं खाद्य द्यावं लागतं. आमच्या आजोबांना हे शब्द ठाऊक नव्हते, पण उकिरड्यातलं खत दर उन्हाळ्यात रानात जात असे.

०००

१९५१ च्या डिसेंबरअखेर अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात विज्ञानपरिषद भरली होती. तिथे मॉन्सँटो कंपनीने 'क्रिलियम' नावाची पावडर जाहीर केली. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी वर सांगितलेलीच अडचण समोर ठेवली होती. मातीतल्या नैसर्गिक डिंकासारखं काम करील, पण जिवाणूंना खाता येणार नाही, असं कृत्रिम बहुवारिक त्यांना हवं होतं. क्रिलियमच्या एका प्रकाराचा कच्चा माल होता पॉलिॲक्रिलोनायट्राइल. स्वेटर विणायची नकली लोकर ज्याची बनते, तोच हा पदार्थ, सोड्याची प्रक्रिया करून पाण्याशी मैत्री करायला लावलेला. १९५२ मध्ये 'सॉइल सायन्स'ने अशा पदार्थांवर एक विशेष अंक काढला. मी त्याच्या छायाप्रती मिळवून वाचल्या. त्या वाचताना सारखं जाणवत राहतं की कुजत नाही ही गोष्ट त्यात सगळीकडे गुण म्हणून नोंदलेली आहे.

प्रयोग खोटे नव्हते. चिकण मातीत अत्यल्प प्रमाणात पावडर मिसळली की माती रवाळ होई, पावसात तिचा राप धरत नसे, हवा खेळत राही. क्रिलियम पाणी साठवत नसे, ते माती बांधत असे, हा फरक लक्षात ठेवायला हवा. हौशी बागवाल्यांसाठी ते बाजारात आलं, पाठोपाठ नकलाही आल्या. पण फुलझाडांच्या वाफ्याला परवडणारी किंमत मक्याच्या शेताला परवडेना. तयार रवे टिकवणारी ही पावडर ढेकळं फोडून देत नसे. आधी मशागत नीट व्हावी लागे, हेही गिऱ्हाइकांना उशिरा कळलं. काही वर्षांतच क्रिलियम बाजारातून गेलं.

०००

दुसरा अंक घडला इलिनॉयमधल्या पिओरिया गावी. १९३८ च्या कायद्याने अमेरिकेच्या कृषी खात्याने चार प्रादेशिक प्रयोगशाळा काढल्या. उरलेल्या शेतमालाला नवे उपयोग शोधून शेतकऱ्याला भाव मिळवून द्यावा, हा त्यांचा हेतू. पिओरियाच्या वाट्याला मका आला. १९४१ मध्ये इंग्लंडहून हॉवर्ड फ्लोरी आणि नॉर्मन हीटली पेनिसिलीन घेऊन तिथेच आले, आणि मक्यापासून स्टार्च काढताना उरणाऱ्या पाण्यावर ती बुरशी कितीतरी जोमाने वाढते, हे तिथेच कळलं. झँथन हा जिवाणूंपासून मिळणारा डिंकही त्याच प्रयोगशाळेतला, ॲलीन जीन्स यांच्या गटाने पुढे आणलेला. आज आइस्क्रीमपासून सॉसपर्यंत तो सगळीकडे आहे, आणि माती बांधण्यासाठी त्याचे प्रयोग दक्षिण कोरियात गेली काही वर्षं चालू आहेत.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला याच प्रयोगशाळेत मेरी ऑलिडीन वीव्हर, एडवर्ड बॅगली, जॉर्ज फँटा आणि विल्यम डोन यांनी मक्याच्या स्टार्चवर पॉलिॲक्रिलोनायट्राइलच्या साखळ्यांचं कलम केलं. कलम हा शब्द मी बागायतदाराचा मुलगा म्हणून वापरतो आहे असं नाही, रसायनशास्त्रातही तोच शब्द आहे. मग सोड्याची प्रक्रिया. तयार झालेला पदार्थ स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शुद्ध पाणी शोषू लागला. त्याचं लाडकं नाव पडलं 'सुपर स्लर्पर', आपल्या भाषेत सांगायचं तर महाभुरक्या. १९७६ मध्ये त्याचं एकस्व मिळालं.

इथे मी बराच वेळ थबकलो. ज्या रसायनाने क्रिलियम बनलं होतं, तेच पंचवीस वर्षांनी स्टार्चच्या खुंटावर बसून परत आलं होतं. खुंट मक्याचा, म्हणून जैविक. कलम खनिज तेलातून आलेलं. मातीत गाडल्यावर जिवाणू खुंट खातील, कलमाचं काय?

या महाभुरक्याच्या संशोधकांच्या मनात शेती होतीच. बियांना लेप, रोपांच्या मुळांना आंघोळ, रेताड जमिनीत मिश्रण, असे उपयोग तपासले गेले. पण पैसा सापडला तो दुसरीकडे, लहान मुलांच्या लंगोटांत. आणि तिथे गेल्यावर उद्योगाला स्टार्चच नकोसा झाला. स्टार्च ओला राहिला की नासतो, फुगलेला जेल दाबाखाली चिरडतो. १९८० च्या दशकात निव्वळ पॉलिॲक्रिलेटचे कण स्वस्त आणि भक्कम ठरले. मक्याला भाव मिळावा म्हणून सुरू झालेल्या कामातून मकाच बाहेर पडला. शेतकऱ्यांना पुढे जे जलधारक कण विकले गेले, त्यांतले बरेचसे या किंवा पॉलिॲक्रिलामाइडच्या घराण्यातले आहेत.

०००

भारतात या विषयाचं सर्वांत गंभीर काम दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत झालं. अनुपमा सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेल्युलोजच्या पायावर पॉलिॲक्रिलेट जोडून 'पुसा हायड्रोजेल' तयार केलं. आपल्याकडचं ऊन डोळ्यासमोर ठेवून ते केलेलं आहे. ४० ते ५० अंश तापमानाला ते उत्तम शोषण करतं, शुद्ध पाणी वजनाच्या किमान ३५० पट धरतं, आणि शिफारस आहे हेक्टरी २.५ ते ५ किलोची, तीही बियांच्या ओळीत, मुळांजवळ.

आरेखकाला आकडे दिसले की तो बेरीज करायला बसतो. हेक्टरी ५ किलो, गुणिले ३५०, म्हणजे १,७५० लिटर पाणी. आकडा मोठा वाटतो. पण एक हेक्टरावर १ मिलिमीटर पाऊस पडला तरी १०,००० लिटर होतात. म्हणजे पूर्ण फुगलेलं जेल पाव मिलिमीटर पाऊसही धरत नाही. हेक्टरात एक लाख रोपं धरली तर प्रत्येकाच्या वाट्याला १७ मिलिलिटर, साडेतीन चमचे. उगवणीच्या आठवड्यात हे साडेतीन चमचे रोपाचा जीव वाचवू शकतात, आणि प्रत्येक ओलिताला ते पुन्हा भरतात. संस्थेची मात्रा कमी आणि बियांलगत का आहे, ते यातून समजतं. पण 'दुष्काळाची चिंता मिटली' असं पुडक्यावर छापायला या बेरजेत जागा नाही.

त्यातही ३५० पट ही गोष्ट शुद्ध पाण्याची. या कणांच्या साखळ्यांवर ऋण भार असतात. ते एकमेकांना ढकलतात, म्हणून जाळी उघडते आणि पाणी आत शिरतं. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलं की त्यांचा एकेक कण दोन-दोन भार पकडून बसतो आणि जाळी आवळली जाते. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की भांड्यांवर पांढरा थर बसतो. मी दोन बरण्यांत चिमूट-चिमूट कण टाकून पाहिलं, एकीत पागोळीचं पाणी, दुसरीत बोअरचं. पहिली काठोकाठ भरली. दुसरीत तळाशी बोटभर थर जमला. दादाला हे दाखवलं तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे पाऊस असतो तेव्हा हे भरतं, आणि बोअरवर येतो तेव्हा हेबी गप बसतं."

तरी फळझाडाच्या खड्ड्याचं गणित वेगळं आहे, हे न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. खड्ड्यात ५० ग्रॅम टाकले आणि जड पाण्यात ते पन्नास पटच फुगले, तरी अडीच लिटर होतात. नव्या रोपाला दोन पाण्यांच्या मधला एखादा दिवस त्यावर निघतो. टँकर उशिरा येणाऱ्या गावात तो एक दिवसही मोलाचा असतो. दादाची काही झाडं त्या दिवसांवर तगली असतील. मला ते सिद्ध करता येणार नाही, नाकारताही येणार नाही.

०००

आता मूळ प्रश्न. कुजलं का नाही?

उरलेल्या पुडक्यातले कण मी टिंक्चर आयोडीनमध्ये टाकले. स्टार्च असता तर निळा-काळा रंग आला असता. आला नाही. यातून स्टार्च नाही एवढंच कळतं, सेल्युलोज किंवा गवारीचा डिंक असता तरी रंग आला नसताच. म्हणून दुसरा प्रयोग केला. दोन कुंड्यांत शेणखत-माती भरली, एकीत बाभळीचा डिंक जाळीदार कापडात बांधून पुरला, दुसरीत हे कण. दोन पावसाळ्यांनंतर पहिलं कापड रिकामं होतं आणि स्वतःही अर्धं कुजलं होतं. दुसऱ्यातले कण जवळपास जसेच्या तसे. हा घरगुती प्रयोग आहे, प्रयोगशाळेचा दाखला नव्हे. पण रसायनशास्त्र जे सांगतं त्याच्याशी तो जुळतो. पॉलिॲक्रिलेटचा कणा कार्बनला कार्बन जोडून बनलेला असतो. स्टार्च किंवा सेल्युलोजमध्ये साखरेच्या कड्यांमध्ये ऑक्सिजनचा सांधा असतो, आणि तो तोडायची हत्यारं जिवाणूंकडे कोट्यवधी वर्षांपासून आहेत. कार्बनच्या या नव्या कण्यासाठी त्यांच्याकडे फारसं काही नाही. तो तुटतो, पण अतिशय सावकाश.

म्हणजे दादाच्या पुडक्यावरचा 'जैविक' हा शब्द, निदान त्या पुडक्यापुरता, मला खरा वाटत नाही. आणि ज्या पदार्थांत खरोखर स्टार्च किंवा सेल्युलोज असतं, त्यांच्याबाबतीतही विचारायला हवं की जैविक किती, खुंट की सगळं झाड?

युरोपीय संघाने २०१९ च्या खतविषयक नियमावलीत हा प्रश्न कायद्यात आणला. पाणी धरण्यासाठी खतांत वापरायच्या बहुवारिकांना जैवविघटनाच्या कसोटीला उतरावं लागेल, असं त्यात ठरलं. १९५२ मध्ये जे गुण म्हणून छापलं गेलं, ते आता दोष ठरलं. त्यामुळे जगभर पुन्हा जुन्या डिंकांकडे धाव सुरू आहे: कोळंबीच्या टरफलातलं कायटोसान, समुद्रशेवाळातलं अल्जिनेट, फळांच्या सालीतलं पेक्टिन, गवारीच्या बियांतला डिंक. राजस्थानातली गवार २०१२ मध्ये अमेरिकेतल्या तेलविहिरींसाठी इतकी महागली की तिचे वायदे सरकारला थांबवावे लागले. जमिनीतलं तेल काढायला जो डिंक गेला, तोच जमिनीत पाणी धरायला वापरता येईल का, यावर आज प्रयोग होत आहेत. मला या कामाबद्दल आस्था आहे. पण इतिहास वाचल्यावर एक गोष्ट विसरता येत नाही. जो डिंक कुजतो तो दरवर्षी पुन्हा घालावा लागतो, आणि दरवर्षी विकत घ्यायचा डिंक कोरडवाहू शेतकऱ्याला परवडतो का, या प्रश्नावर क्रिलियमही आपटलं होतं. शेणखत, ताग, पाचटाचं आच्छादन यांतून हाच डिंक जमिनीत तयार होतो. त्यासाठी जनावरं लागतात, पाचट न जाळण्याइतका धीर लागतो, आणि मजूर लागतात. तेही फुकट नाही. आमच्या गोठ्यात आता दोनच जनावरं आहेत.

गेल्या जूनमध्ये दादाने बागेतल्या नांग्या भरल्या. लागवडीच्या आदल्या दिवशी एक तरुण विक्रेता आला. त्याच्याकडे फळांच्या सालीपासून केलेली भुकटी होती, आणि मुलगा मनापासून बोलत होता. दादाने त्याला ओट्यावर बसवलं, चहा दिला, आणि विचारलं, "हे किती दिवसांत कुजतं? कुणी तपासलं? कागद आहे का? आणि आमच्या बोअरच्या पाण्यात किती फुगतं?" मुलाकडे कागद नव्हता. त्याने फोन नंबर लिहून घेतला आणि मागवून देतो म्हणाला. दादाने त्याच्याकडून एकच पुडकं घेतलं, पाच झाडांपुरतं. त्या पाच झाडांना पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या आहेत, बाकीच्यांना आळ्यात शेणखत आणि वरून पाचट.

पुढच्या उन्हाळ्यात एका खुणेच्या झाडाच्या मुळाशी थोडं उकरून बघायचं ठरलं आहे. जुन्या बरणीशेजारी मी एक रिकामी बरणी धुऊन ठेवली आहे. ती रिकामीच राहावी, अशी दादाची इच्छा आहे.